चित्रफितीच्या आधी काय घडले?

“व्हिडिओ हाये ना, मंग आता सांगाचं काय रायलं?” असे त्या आठवड्यात गावातला प्रत्येक जण म्हणत होता. बियाण्याच्या रांगेत पोलिसाने एका वृद्ध शेतकऱ्याला लाठीने मारल्याचा व्हिडिओ होता हे खरे आणि तो मीच काढलेला होता, हेही खरे. तरीसुद्धा त्यानंतरच्या काळात ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे, पोलीस अधीक्षक कार्यालय, पोलीस तक्रार प्राधिकरण आणि तालुक्याचे न्यायालय या प्रत्येक ठिकाणी आम्हाला विचारले गेले ते व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टींविषयीच. तो कोणी काढला, कधी काढला, मधल्या काळात तो कोणाकोणाच्या हातातून गेला, त्यात दिसणारा गणवेशधारी माणूस नेमका कोण, आणि सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याच्या आधी काय घडले.

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगची कामे मी घेतो. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे गावाचे, ठाण्याचे आणि माणसांचे नाव मी लिहीत नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला कापसाच्या एका ठरावीक वाणासाठी कृषी केंद्रासमोर पहाटेपासून रांग लागली होती. सातबारा पाहून प्रत्येकी दोनच पाकिटे मिळतील असे सांगण्यात आले होते. ४७५ ग्रॅमच्या त्या पाकिटासाठी आमच्याकडे दर खरिपाला माणसे उन्हात उभी राहतात आणि बंदोबस्तासाठी पोलीस बोलावले जातात, त्यात नवीन काही नाही. आमच्या शेजारचे काकाजी, साठी ओलांडलेले, पाच एकर कोरडवाहूचे धनी, रांगेत होते. दुकानाचे शटर अर्धे वर गेले, मागून रेटा आला, आणि बंदोबस्तावरच्या एका शिपायाने लाठी चालवायला सुरुवात केली. माझा स्टुडिओ रस्त्याच्या पलीकडेच आहे. मी फोन काढला तोवर पहिला फटका बसून गेला होता. एक मिनिट बारा सेकंदांच्या त्या चित्रणात काकाजी खाली वाकलेले दिसतात, त्यांच्या पाठीवर आणि मांडीवर फटके बसताना दिसतात आणि मग डोके वाचवण्यासाठी वर केलेल्या डाव्या हातावर एक फटका बसताना दिसतो. त्यानंतर त्यांना गाडीत घालून ठाण्यात नेले, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले आणि कोणतीही नोंद न करता सोडून दिले.

त्या रात्री व्हिडिओपेक्षा काकाजींचे शरीर महत्त्वाचे होते, केवळ उपचारासाठी नव्हे तर पुराव्यासाठीही. ग्रामीण रुग्णालयात “आधी पोलिसांचे पत्र आणा” असे सांगण्यात आले. ज्या ठाण्यातून माणूस नुकताच सुटून आला होता, त्याच ठाण्याचे पत्र आम्ही आणावे अशी ती अपेक्षा होती. ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. त्यांनी डॉक्टरांशी बोलून, मारहाणीची केस असल्यामुळे वैद्यकीय-न्यायिक नोंद रुग्णालयानेच करावी आणि ठाण्याला स्वतःच कळवावे, असे शांतपणे समजावले. डॉक्टर तरुण होते, आधी घाबरले, पण नोंद मात्र त्यांनी फार नीट केली. पाठीवरच्या वळांचे वर्णन करताना त्यांनी दोन समांतर लाल रेषा आणि मधली फिकट पट्टी, प्रत्येकीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, असे लिहिले. गोल काठीचा जोराचा फटका बसला की काठीखालचे रक्त दोन्ही कडांकडे ढकलले जाते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून वळ असा जोडरेषांचा उमटतो. पडल्यामुळे किंवा गर्दीत चेंगरल्यामुळे तसा वळ येत नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढला तेव्हा डाव्या हाताचे कोपर आणि मनगट यांच्यामधले, करंगळीच्या बाजूचे हाड मोडलेले निघाले. वार अडवण्यासाठी हात आडवा धरला की नेमके हेच हाड मोडते, असे तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत ठरते, आणि एरवी “किरकोळ झटापट” म्हणून बासनात गेले असते ते प्रकरण त्या एका एक्स-रेमुळे तिथे गेले नाही.

दरम्यान माझा व्हिडिओ तालुकाभर फिरत होता. तो मी फक्त काकाजींच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्याच्याकडून तो पुढे गेला आणि एका स्थानिक यूट्यूब वाहिनीने त्याची सुरुवात कापून, कोपऱ्यात आपला लोगो टाकून, मागे ढोल-नगाऱ्याचे संगीत घालून तो प्रसारित केला. ठाण्याकडून पहिली प्रतिक्रिया आली ती “व्हिडिओ कापलेला आहे” अशी, आणि त्या यूट्यूबवरच्या व्हिडिओपुरती ती बरोबरच होती. सुदैवाने या बाबतीत माझा धंदा कामी आला. लग्नाच्या चित्रणाची मूळ फाइल आम्ही कधीच संपादित करत नाही, प्रतीवर काम करतो. इथेही मूळ फाइल फोनमध्ये जशीच्या तशी, नावसुद्धा न बदलता होती.

वकिलांनी सर्वांत आधी तिची हॅश किंमत काढून घ्यायला सांगितली. फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून संगणक एक अंक-अक्षरांची मालिका काढतो. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीत ती चौसष्ट अक्षरांची असते. काट्यावर चढवलेल्या गाडीतून चिमूटभर सरकी काढली तरी आकडा पार बदलून जावा, तशी ही मालिका एका बिटच्या फरकाने पूर्ण बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या प्रतीची हॅश अर्थातच वेगळी आली, कारण ते अ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याला जोडलेला आहे. त्याचा पहिला भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत हॅश लिहावी लागते. असे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब बाबत जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले होते. तो निकालही आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या निवडणुकीच्या वादातून आलेला आहे. पहिला भाग मी भरला. दुसरा भाग भरून देणारा तज्ज्ञ तालुक्यात मिळणे कठीण गेले, कारण संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ, पण सही करून न्यायालयात उभे राहायला तयार असलेला कोणी नाही. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक तयार झाले.

प्रमाणपत्र तयार असल्याचा उपयोग लवकरच झाला. चौकशीसाठी फोन ताब्यात हवा, असा निरोप ठाण्यातून आला. फोन द्यायला माझी हरकत नव्हती, पण तो रीतसर जप्ती पंचनामा करून, दोन पंचांसमोर, पाकीट सील करून आणि हॅश पंचनाम्यात लिहूनच घ्यावा असा आग्रह वकिलांनी धरला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रण करणे पोलिसांवरच बंधनकारक आहे, हेही त्यांनी अर्जात नमूद केले. ठाण्यातल्या हवालदारांनी स्वतःच्या फोनवर ते चित्रण केले आणि माझ्या फोनवरच्या चित्रणाबद्दल चाललेल्या चौकशीत तोही एक व्हिडिओ जमा झाला. त्यानंतर ऐन हंगामात मला दुसरा फोन घ्यावा लागला. साक्षीदार होण्याचा हा खर्च कोणत्याही नमुन्यात लिहिण्याची सोय नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनी प्राथमिक चौकशी सुरू केली तेव्हा शिपायाचा जबाब असा होता की, जमाव अनावर झाला होता आणि सदर इसम खाली वाकून दगड उचलत असताना सौम्य बळाचा वापर करावा लागला. माझा व्हिडिओ काकाजी वाकलेले असतानाच सुरू होतो. म्हणजे मी काढलेल्या चित्रणाची पहिली चौकट त्या जबाबाला खोडत नव्हती, उलट काही अंशी आधारच देत होती. ज्याला आपण पुरावा समजतो, तो आपल्याच विरोधात कसा वाचता येतो, हे मी त्या दिवशी समोर बसून पाहिले.

त्याचे उत्तर कृषी केंद्राच्या कॅमेऱ्यात होते. दुकानांच्या रेकॉर्डरची डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवीन बसते. किती दिवसांत ते डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. लहान दुकानात पंधरवडासुद्धा टिकत नाही. दुकानदाराला कोणाशीच वाकडे घ्यायचे नव्हते, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याचा परवाना आणि बंदोबस्त दोन्ही सरकारकडूनच येतात. पण त्याच्या मुलाच्या लग्नाचे शूटिंग मी केले होते, आणि त्या मुलाने वडिलांची समजूत घातली. मी तिथे गेलो तेव्हा रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ तेवीस मिनिटे पुढे असल्याचे लक्षात आले. हे तसेच सोडले असते तर दोन व्हिडिओंच्या वेळा जुळत नाहीत एवढ्यावर सगळे बाद करता आले असते. म्हणून पडद्यावरचे घड्याळ आणि फोनवरचे घड्याळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढला आणि फरकाची नोंद दुकानदाराच्या प्रमाणपत्रात करून घेतली.

त्या कॅमेऱ्याला आवाज नाही, चित्रही वरून आणि तिरपे आहे. तरी त्यात माझ्या व्हिडिओच्या आधीची मिनिटे आहेत. शटर वर जाताना मागचा रेटा येतो, एक तरुण ओरडताना दिसतो, शिपाई त्याला ढकलतो, आणि त्या धक्क्यात काकाजींच्या हातातली प्लास्टिकची पिशवी रस्त्यावर पडते. त्या पिशवीत सातबारा आणि आधार कार्डाची प्रत होती. ते ती उचलायला वाकतात. मग मी माझे चित्रण स्टुडिओतल्या हेडफोनवर पुन्हा ऐकले. ट्रॅक्टरच्या आवाजाखाली, अगदी सुरुवातीला, काकाजींचा आवाज आहे: “साहेब, कागद पडले माहे.” आवाज स्पष्ट करून वेगळी फाइल देण्याचा मोह मला झाला होता. वकिलांनी सांगितले की मूळ फाइल मूळच राहू द्या, स्पष्ट केलेली प्रत द्यायचीच तर ती कशी केली त्याच्या लेखी खुलाशासह स्वतंत्र द्या. तसेच केले.

आवाजाचे दुसरे महत्त्व मला नंतर कळले. बेकायदेशीर जमाव पांगवण्यासाठी बळ वापरायचे तर आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि तो देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. बियाण्यासाठी लागलेली रांग मुळात बेकायदेशीर जमाव ठरते का, हा वेगळाच प्रश्न. पण ती तशी मानली तरी माझ्या चित्रणात हुकूम ऐकू येत नाही आणि तिथे हजर असलेल्यांत उपनिरीक्षक कोणीही नव्हता. लाठी दिसते म्हणून लोक चित्राकडे पाहतात. चौकशी अधिकाऱ्यांनी मात्र आवाजाबद्दलच अधिक प्रश्न विचारले, आणि ते मला योग्य वाटले.

ठाण्याच्या आतल्या तासांचे काय, हा भाग सर्वांत अवघड होता आणि आजही अपुरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला आहे. चित्रण अठरा महिने आणि तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष जपायचे आहे, आणि कॅमेरा बिघडला तर ठाणेदाराने ते जिल्हास्तरीय देखरेख समितीला तात्काळ कळवायचे आहे. आम्ही त्याच आठवड्यात चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात दिला, दोन्हीकडे पोचही घेतली. मग माहिती अधिकारात तेच चित्रण मागितले. पहिल्या उत्तरात तपासाला बाधा येईल म्हणून कलम ८(१)(ज) खाली नकार आला. अपिलात उत्तर बदलले आणि तांत्रिक बिघाडामुळे त्या दिवसाचे चित्रण उपलब्ध नाही असे कळवण्यात आले. तेव्हा आम्ही चित्रण मागणे सोडले आणि बिघाड मागितला. तो कोणत्या तारखेला लक्षात आला, समितीला कधी कळवला, दुरुस्तीचे पत्र कोणाला गेले, याच्या प्रती द्याव्यात असा अर्ज केला. त्यावर एका ओळीचे उत्तर आले, “अभिलेख उपलब्ध नाही.” आमच्या सगळ्या कागदांत मला हे उत्तर सर्वांत बोलके वाटते. तामिळनाडूतल्या साथानकुलम ठाण्यात २०२० मध्ये बाप-लेकाच्या कोठडीतील मारहाणीनंतर मृत्यूच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांना आढळले होते की रेकॉर्डरमध्ये जागा शिल्लक असूनही चित्रण रोजच्या रोज पुसले जाईल अशी मांडणी केलेली होती. आमच्या ठाण्यात तसे काही होते असे मी म्हणत नाही. बिघाड झाला असेल तर त्याचा कागद असायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे आहे. आमचे अपील चालू असतानाच, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा वकिलांनी ते कात्रणही फाइलला लावले.

त्या दिवशी काकाजींच्या मुलाने ठाण्याच्या ओसरीत फोन काढला तेव्हा “तीनशे त्रेपन्न लावीन” अशी धमकी त्याला मिळाली होती. शासकीय कामात अडथळ्याचे ते जुने कलम आता न्याय संहितेत १३२ झाले आहे, पण धमकीत अजून जुनाच आकडा चालतो. त्याच्या जोडीला शासकीय गुपितांच्या कायद्याचेही नाव घेतले गेले. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालचे ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्येच दिला आहे, आणि ते प्रकरण वर्ध्याच्या ठाण्यात मोबाइलवर केलेल्या चित्रणाचे होते. विदर्भातल्याच ठाण्यातून निघालेला हा निकाल विदर्भातल्या ठाण्याठाण्यांत लावून ठेवायला हवा.

मारणारा कोण, हे ठरवण्यातही वेळ गेला. चेहऱ्यावर उन्हासाठी रुमाल, नावाची पट्टी दिसत नाही, आणि ठाण्याचे पहिले पत्र “चित्रणातील कर्मचारी ओळखता येत नाही” असे होते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या उंधेला गावी ऑक्टोबर २०२२ मध्ये माणसांना खांबाशी धरून चोपल्याचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले, पण तक्रार तेरा पोलिसांविरुद्ध असताना उच्च न्यायालयाने वर्षभराने अवमानासाठी चौदा दिवसांची कैद सुनावली ती चौघांनाच, कारण चित्रणावरून भूमिका निश्चित झाली ती तेवढ्यांचीच. ती शिक्षाही अपिलासाठी स्थगित झाली. आमच्या चित्रणात लाठी डाव्या हातात आहे आणि घड्याळ उजव्या मनगटावर. त्या दिवसाची बंदोबस्त यादी माहिती अधिकारात मिळाली तेव्हा त्यातले डावखुरे शोधणे चौकशी अधिकाऱ्यांना कठीण नव्हते, आणि त्यांनी ते केले, हे नोंदवले पाहिजे.

ओळख पटल्यावर समेटाचे निरोप सुरू झाले. गावचे पोलीस पाटील दोनदा घरी आले, “पोरगा बालबच्चेदार आहे, नोकरी जाईल” म्हणाले. काकाजींनी पैशाची गोष्ट निघूच दिली नाही. “मले कायले मारलं, येवढंच त्याले इचारा,” असे ते प्रत्येकाला सांगत. त्यांचा हात प्लास्टरमध्ये असताना पेरणी शेजाऱ्यांनी केली, तीही उशिरा.

शिपायाला आधी ‘कंट्रोल जमा’ केले, म्हणजे ठाण्यातून पोलीस नियंत्रण कक्षात हलवले. गावात ती शिक्षा समजली गेली, पण ती शिक्षा नसते, तात्पुरती बदली असते. प्राथमिक चौकशीत आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरल्याचा निष्कर्ष निघाला आणि विभागीय चौकशीनंतर एक वेतनवाढ रोखली गेली. ठाण्यात बेकायदेशीर बसवून ठेवण्याबद्दल त्या अहवालात शब्द नाही, म्हणून आम्ही पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे शपथपत्रासह गेलो. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशांनंतर महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ही प्राधिकरणे कायद्यात आणली. गंभीर दुखापत आणि रीत सोडून अटकेत ठेवणे, दोन्ही त्यांच्या कक्षेत येतात. प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, शिफारस करते, पण तिथे ठाणेदारांना समोर बसून उत्तर द्यावे लागते आणि तेवढ्यासाठीही तिथे जाण्यात अर्थ आहे, असे माझे मत आहे. “अभिलेख उपलब्ध नाही” या ओळीचा खुलासा त्यांनी लेखी मागितला आहे.

फौजदारी बाजू वेगळी चालू आहे. पोलिसांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबाबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे, हे वकिलांनी सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून ठेवले होते, त्यामुळे दिवाळी होताच तालुक्याच्या न्यायालयात खासगी तक्रार दाखल झाली. लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्यांना वरिष्ठांचा अहवाल आणि त्या सेवकाचे म्हणणे पाहावे लागते. तो अहवाल आला, आणि विभागीय चौकशीतलाच निष्कर्ष त्यात असल्याने या वेळी दगडाचा उल्लेख नव्हता. माझा सीलबंद फोन आता मुद्देमालात आहे. पुढच्या तारखेला काकाजींचा जबाब आहे आणि त्यानंतर माझा.